भाऊंचा आकडा

रक्तपेढीचा सर्व्हर रखडतोय म्हणून मॅनेजर योगेशसरांनी मला बोलावलं. फोनवर बोलणं असं, की जणू मीच तो बिघडवून ठेवलाय.

पोचले तर काउंटरवर हरसूलहून आलेला काळू नावाचा एक जण उभा. बायको संध्या बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना, म्हणून ती शेजारच्या दवाखान्यात. तिच्यासाठी जुळवून ठेवलेली रक्ताची पिशवी समोरच्या फ्रिजमध्ये दिसत होती. पण तपासणीचा निकाल स्क्रीनवर आल्याशिवाय ती देता येत नाही, आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरत होतं. टेक्निशियन स्नेहल रडकुंडीला आलेली. काळू हळूच म्हणाला, "ताई, लय येळ झाला."

सर्व्हरवर काय चाललंय ते उघडलं आणि माझं डोकंच सणकलं. माहिती शोधायची एकच क्वेरी, दर सेकंदाला: पहिल्यापासूनचे सगळे रक्तदाते चाळ आणि भाऊंच्या वाढदिवसाच्या शिबिरातले किती ते मोज. बाकीची सगळी कामं तिच्यामागे ताटकळलेली. भाऊ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. आणि हा आकडा हवा कशाला, तर हॉलमधल्या टीव्हीवर त्यांच्या हसऱ्या फोटोखाली पळवायला. टीव्हीला वर झेंडूचा हार. शी! किळस आली मला.

मी ती क्वेरी सरळ बंद करून टाकली. संध्याचा निकाल लगेच उघडला. स्नेहलने पिशवी बर्फाच्या डब्यात घालून काळूच्या हातात दिली आणि तो निघाला.

तेवढ्यात योगेशसर धापा टाकत आत आले. भाऊ गाडीतून उतरलेत आणि टीव्हीवरचा आकडा गायब, आधी तो चालू करा म्हणे. मी हात लावणार नाही असं सांगून टाकलं आणि बाहेर आले.

बाहेर बघते तर काळू हॉलमध्येच. भाऊंच्या माणसांनी त्याला फोटोसाठी भाऊंच्या शेजारी उभं केलं होतं, आणि सगळे मागच्या टीव्हीवर आकडा परत यायची वाट बघत होते. मोठ्या माणसांना नाही कसं म्हणायचं, म्हणून तो बिचारा डबा छातीशी धरून उभा. मी मध्ये घुसले, त्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं.

"दादा, तुम्ही निघा. पळा."

तो पळाला. भाऊंचं हसू तसंच होतं, कॅमेऱ्यावरची नजरही हलली नव्हती.

"गेला तर जाऊ दे," ते म्हणाले. "दुसरा कुणी आहे का?"

फोटोग्राफर रक्तासाठी बाकावर ताटकळत बसलेल्या लोकांकडे बघायला लागला.