सेन म्हातारीची भाजणी

लाकडाची मोळी पाठीवर घेऊन तोमे डोंगर उतरत होती, तेव्हाच तिला वास आला. सोयाबीन भाजल्याचा. नाकाओ गावात तीन वर्षांत कुणाच्या तव्यात सोयाबीनचा दाणा पडला नव्हता. तिला आधी वाटलं, कुणाचं तरी नशीब फळफळलं. मग वास आपल्याच घरातून येतोय हे ध्यानात आलं, आणि मोळी तिथंच टाकून ती पळत सुटली.

चुलीपुढं तिची सासू सेन म्हातारी बसली होती. वय एक्क्याऐंशी, दात तीन. लाकडं ओली, त्यामुळं जाळ कमी आणि धूर फार. डोळे गळत होते, पण हातातला तवा हालत होता. शेजारी भोपळ्याचा तुंबा आडवा पडला होता. रिकामा.

"आत्याबाई, तुंब्यातलं बी?"

"बी कसलं, दाणं हुतं. आज राक्षस हाकलायचा दिस. तुला ध्यान हाय का न्हाई?"

थंडी सरायच्या त्या दिवशी भाजलेलं सोयाबीन दारातून फेकायचं, राक्षस बाहेर, भाग्य आत असं ओरडायचं, आणि आपल्या वयाइतके दाणे खायचे, ही रीत. दाणा मात्र भाजलेलाच पाहिजे. फेकलेला दाणा उगवला तर वर्षभर अरिष्ट. म्हातारीचं म्हणणं सरळ होतं. तीन साल आपण सोयाबीन नाही म्हणून जव फेकले. राक्षस कधी जवाला भ्यालाय का? म्हणून तर तांबेरा गावात ठाण मांडून बसला.

तांबेरा बसला होता हे खरंच. भात पोटरीला यायच्या सुमाराला सोयाबीनच्या पानाखाली बारीक फोड यायचे. रानातून चाललं की विजारीला तपकिरी भुकटी लागायची. पंधरा दिवसांत पान पिवळं, महिन्याभरात झाड उघडं, आणि शेंगा पोचट. सोयाबीन नाही म्हणजे ते आंबवून केलेला मिसो नाही, आणि मिसोच्या कढणाशिवाय नाकाओच्या माणसाचा घास खाली उतरत नाही. पिंपांचे तळ दिसायला लागले. दोन घरं गाव सोडून गेली. तोमेचा नवरा कान्जी म्हणाला होता, अजून एक साल बघतो, नाहीतर कोळशाच्या खाणीत जातो. त्याचा थोरला भाऊ असाच गेला होता. परत आला तो राख होऊन, पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या डब्यातून.

आणि गेल्या साली तोमेला भाताच्या बांधावर ते एक झाड दिसलं. त्याच्या पानांवर लालसर तपकिरी ठिपके होते, सगळ्यांत वाईट दिसत होतं म्हणा ना. पण बाकीची झाडं काड्या झाली तरी हे हिरवं, आणि शेंगा टच्च भरलेल्या. बियाणं केंद्रातला मात्सुओ नावाचा तरणा साहेब सायकल ढकलत चढ चढून आला, भिंगातून एकेक पान उलटून बघितलं. मग त्यानं सांगितलं, हे झाड आजारी नाही, झुंजतंय. तांबेरा जिथं बसतो तेवढीच जागा हे स्वतः जाळून टाकतं, रोग तिथंच उपाशी मरतो. हे त्याच्या रक्तात आहे, लेकरांत उतरणार. जपून ठेवा, पेरणीला येतो. अर्धं तुम्ही पेरा, अर्ध्याचा तुमच्या नेहमीच्या वाणाशी संकर करू.

त्रेसष्ट दाणे निघाले होते. तोमेनं ते तुंब्यात घालून चुलीवरच्या आढ्याला टांगले. कोरडं राहावं म्हणून. म्हातारीच्या हाताला यावं म्हणून नव्हे.

रीतीप्रमाणं म्हातारीला एक्क्याऐंशी दाणे लागत होते. तिनं मोठ्या मनानं आयुष्यातली चाळीस वर्षं सोडून दिली, एक्केचाळीस खाल्ले आणि बावीस फेकले. तांबेऱ्याला हाकलायला तिनं तेच बी भाजलं, ज्याला तांबेरा भीत होता.

तोमेनं अंगणात रांगत रांगत एकोणीस दाणे वेचले, कोमट राखेवर ठेवलेल्या मातीच्या खोक्यात पेरले. सगळे कुजले. कान्जीनं खाणीतल्या ओळखीच्या माणसाला पत्र लिहायला घेतलं.

पेरणीच्या तोंडावर न्हाणीच्या मागं, धुराड्याची ऊब लागते तिथं, एक कोंब वर आला. बघितला तो म्हातारीनंच, आणि ती पांढरीफटक पडली. फेकलेला दाणा उगवला. तासाभरात गावचा मुखिया गोहेइ विळा घेऊन हजर, मागं चार माणसं. दर साली राक्षसाचा लाल मुखवटा घालून हाच घरोघरी हिंडायचा, म्हणून ह्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा.

तोमे कोंबावर पाखरासारखी बसली. म्हणाली, आधी मला उपटा.

"वैनी, रीत ती रीत," गोहेइ म्हणाला. "ह्यो दाणा अख्ख्या गावाला खाईल."

"गावात खायाजोगं उरलंय काय, भावजी?"

चौघं खाली बघायला लागले. पण म्हातारीनंही मान हलवली, उपटाच म्हणाली. कान्जीनं तोमेचा हात धरून तिला उठवलं. गोहेइ विळा घेऊन वाकला, आणि वाकता वाकता त्याला म्हातारीची दया आली.

"तुमची तरी काय चूक, आजी. हात थकलं आता. भाजणी कच्ची ऱ्हायली, दुसरं काय."

म्हातारीची मान हलायची थांबली.

"काय म्हनलास?"

"न्हाई, वयामुळं म्हनतो मी."

"साठ साल ह्या गावात भाजतीया. तुझ्या बारशाचं दाणं मी भाजल्यात. कच्ची?" म्हातारी काठी टेकत विळ्याच्या आणि कोंबाच्या मध्ये येऊन उभी राहिली. "हे माझ्या तव्यातलं न्हवंच. चिमणीनं आनून टाकलंय. उपटशील तर माझी भाजणी कच्ची हुती आसं हुईल. उपटून दाव."

गोहेइनं थोडा विचार केला. राक्षसाच्या कामात त्याचा शब्द अखेरचा होता, चिमण्यांच्या नव्हता. तो घरी गेला.

तेव्हापासून म्हातारी काठी घेऊन त्या रोपापाशी बसली ती उन्हाळाभर उठली नाही. झाडाबद्दल तिला काडीचं प्रेम नव्हतं. इज्जतीचा सवाल होता. तांबेरा वेळेवर आला, गावची रानं पिवळी पडली. झाडावर लाल ठिपके बघून गोहेइ कुंपणावरून म्हणाला, लागला की हो रोग.

"डाग तुझ्या तोंडावर बी हायत," म्हातारी म्हणाली. "तू मेलास का?"

झाड मेलं नाही. एकशे सतरा दाणे निघाले. मात्सुओनं अर्धे नेले, आणि जाताना बजावलं की एवढ्यावर विसंबू नका, हा रोगही शिकतो. आज एका कुलपाला अडलाय, उद्या किल्ली बनवील. म्हणून दुसऱ्या वाणाशी सोयरीक जुळवायची.

पण एका झाडानं पिंप भरत नाही. भात झोडपून झाल्यावर कान्जी गाठोडं बांधून खाणीत गेला. पेरणीला येतो म्हणाला. तोमेनं तुंबा आढ्याला टांगला नाही, स्वतःच्या कमरेला बांधला. झोपताना, सरपण तोडताना, कमरेला तुंबा.

पुन्हा राक्षसाचा दिवस आला. कान्जीचं पत्र येऊन महिना झाला होता, नंतर दुसरं आलं नव्हतं. म्हातारीनं तवा काढला तसा तोमेचा हात कमरेला गेला. म्हातारीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं ओढ्यातले दाण्याएवढे खडे वेचून आणले होते. वाळकी लाकडं लावून सकाळपासून दुपारपर्यंत तिनं ते भाजले.

"ह्यातला एक जरी उगवला तर नाव बदला माझं."

दिवस कलताना गोहेइ मुखवटा घालून दारात आला. म्हातारीनं खड्यांची पहिली मूठ फेकली. नाकाओत राक्षस आजवर नाटकापुरता पळायचा. त्या दिवशी तो खरोखर पळाला, ओढ्यापर्यंत.

म्हातारी दमून उंबऱ्यावर बसली.

"वयाइतकं खायाचं ऱ्हायलं की गं. ब्याऐंशी."

"पुढल्या साली, आत्याबाई."

"म्हंजे तवर जगाया लावतीस मला." मग खाणीकडं जाणाऱ्या वाटेकडं बघत ती हळूच म्हणाली, "तुंबा वाजव बघू जरा."

तोमेनं कमर हलवली. वाजला.