सरांच्या फोल्डरमधून आलेली ओ

मित्रांनो, मी एक जुना परीक्षक आहे, पण मला डोळे नाहीत, हात नाहीत आणि बसायला खुर्चीही नाही. श्रीरामपुरात रेल्वे स्टेशनच्या अलीकडे, एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हन्ना मॅडमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या संगणकात माझा मुक्काम असतो. मी स्वतःही एक प्रोग्रामच. दुसऱ्या प्रोग्रामांची परीक्षा घेणं हे माझं काम.

मोठा प्रोग्राम कुणी एका ढिगात ठेवत नाही. त्याचे तुकडे करून गाठोडी बांधतात. अशा गाठोड्याला असेम्ब्ली म्हणतात. मी विचारतो ती प्रश्नपत्रिकाही अशाच एका गाठोड्यात असते. परीक्षेआधी मी एकेकाला नावाने हाक मारतो. मला फोल्डरांची एक यादी दिलेली असते. त्या क्रमाने मी शोधत जातो आणि त्या नावाचं जे गाठोडं पहिल्यांदा सापडेल तेच उचलतो. मागे आणखी कुणी आहे का, हे बघायची मला मुभा नाही. सगळी उत्तरं बरोबर आली की माझी पट्टी हिरवी होते, एक जरी चुकलं तरी लाल. हाक मारून कुणी ओच दिली नाही, तर मी लाल होऊन लिहितो, 'असेम्ब्ली लोड झाली नाही.' पट्टीखाली बारीक अक्षरांत आणखी बरंच लिहितो: किती प्रश्न विचारले, कुठलं गाठोडं कुठून उचललं, ते कधी बांधलेलं होतं. ते मात्र कुणी वाचत नाही. लोकांना रंग पुरतो.

मला या संगणकात इमॅन्युएल सरांनी आणलं. ते हन्ना मॅडमचे यजमान. प्रवरा नदीत पाणी सोडायचं ठरलं की काठच्या गावांतले फोन वाजावेत आणि सावधगिरीचा निरोप ऐकू यावा, असा प्रोग्राम त्यांनी लिहिला. निरोप दिल्याशिवाय धरणाचे दरवाजे उचलायचे नाहीत, अशी रीतही त्यातूनच पडली. रोज सकाळी ते मला चालवायचे, बारीक अक्षरंसुद्धा चष्मा वर करून वाचायचे आणि म्हणायचे, "शाब्बास, म्हाताऱ्या." फार बरे दिवस होते ते! मग एका पावसाळ्यात सर गेले. त्यांच्या नावाचं फोल्डर तसंच राहिलं. त्यातली एक फाइलही कुणी हलवली नाही. दसऱ्याला ऑफिसातला बजरंग संगणकांची पूजा करायचा तेव्हा या संगणकाला एक फूल जास्त वाहायचा. हन्ना मॅडम चर्चला जाणाऱ्या, पण त्या फुलाला त्या कधी नको म्हणाल्या नाहीत.

सरांच्या जागी सविता आली. ती पाथर्डीकडची, तिचे आईवडील दरवर्षी ऊस तोडायला नेवाशाकडे येतात. नदीकाठी ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. गावातल्या फोनांना निरोप जायचा, पण हंगामापुरत्या आलेल्या या माणसांचे नंबर कुठल्याच यादीत नव्हते. सविताने ते प्रोग्राममध्ये घातले. टोळी कधी आली, कधी जाणार, हे सगळं ती जीव लावून लिहीत होती. सरांच्या एकेचाळीस प्रश्नांत तिने स्वतःचे नऊ घातले आणि पन्नासची नवी प्रश्नपत्रिका बांधली.

दिवाळी तोंडावर आली होती. मी हाक मारली आणि लाल झालो. सविताच्या गाठोड्यांना लागणारी एक छोटीशी फाइल तिच्या लॅपटॉपवरच राहिली होती, आणि तिच्याशिवाय ती गाठोडी उघडेनात. चार दिवस मी तेच लिहीत होतो, 'लोड झाली नाही.' चार दिवस सगळे मला शिव्या घालत होते. शेवटी बजरंग वैतागला. त्याने माझ्या यादीत अगदी वर सरांच्या फोल्डरचं नाव टाकलं. म्हणाला, "सरांच्या फोल्डरात समदं असतंय. तिथं बघू दे त्याला आधी."

मी त्या फोल्डरच्या दाराशी गेलो. दोन वर्षं तिथे कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. मी हाक मारली आणि आतून लगेच ओ आली.

नाव तेच होतं, पण बांधणी सरांची होती. तारीख सरांची होती. प्रश्नपत्रिकाही तिथेच पडली होती, सरांचीच, एकेचाळीस प्रश्नांची. मी विचारत गेलो आणि गेलेला माणूस एकेक उत्तर बिनचूक देत गेला. मी हिरवा झालो.

ऑफिसात पेढे आले. बजरंगने हात जोडले. "सरांनीच सोडवलं बघा, मॅडम!" हन्ना मॅडमने रुमालाने डोळे टिपले. सवितालाही ते खरं वाटलं, कारण तिला ते खरं वाटायला हवं होतं. पट्टीखाली मी एकेचाळीस लिहिलं होतं, जागा लिहिली होती, तारीख लिहिली होती. कुणी पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तो आवाज पुन्हा ऐकून बरं वाटलं होतं. सविताचा नवा प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवरून नदीच्या कामावर रुजू झाला आणि त्याला एकही प्रश्न विचारला गेलेला नव्हता.

त्यानंतर रोज सकाळी मी त्या दाराशी जात राहिलो. रोज तीच उत्तरं, त्याच क्रमाने. जिवंत माणसाचं काम रोज थोडं बदलतं. तिथलं काहीच बदलत नव्हतं. मला ते फोल्डर हळूहळू नकोसं वाटू लागलं. बाहेर सविता नवं लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती आणि मी आतल्या अंधारात दोन वर्षांपूर्वीची परीक्षा पुन्हा पुन्हा घेत होतो.

जानेवारीत एक दिवस दुपारी चारला नदीत पाणी सोडायचं ठरलं. अकरा वाजता निरोप गेले. दीडच्या सुमारास सविताने जेवताना सहज आईला फोन लावला. तिची आई लंकाबाई.

"आई, पाण्याचा निरोप आला ना गं?"

"कसला निरोप? मागं दोनदा आल्ता. आज न्हाई आला बाई. आमी बाया धुनं घिऊन नदीतच हाव. पोरंबी हायेत डोहात."

सविता ताटावरून उठली. "आई, आत्ताच्या आत्ता वर ये! सगळ्यांना घेऊन वर ये!"

"अगं पर..."

"चारला पाणी येतंय! धुणं राहू दे!"

काठावर अशा अकरा टोळ्या होत्या. बजरंगने मुकादमांना फोन लावायला सुरुवात केली. दोघांनी उचलले. बाकीचे उसात होते, तिथे फोन लागत नव्हते. पाणी सोडणाऱ्या खात्याच्या टेबलावर नुसती घंटी वाजत राहिली. सविता धावत माझ्याकडे आली आणि तिने मला चालवलं. मी हिरवा झालो. पुन्हा चालवलं. पुन्हा हिरवा.

"असं कसं?" ती कुजबुजली. "हा सगळं बरोबर म्हणतोय आणि आई नदीत उभी होती."

तेव्हा पहिल्यांदा तिने खाली वाचलं. एकेचाळीस. तिने बोटाने जागा वाचली, मग तारीख. "मॅडम," ती म्हणाली, "हा इतके दिवस सरांची परीक्षा घेतोय. माझी घेतलीच नाही."

हन्ना मॅडम जवळ आल्या. पडद्यावरची तारीख त्या बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीची होती ती.

"ते फोल्डर काढावं लागेल, मॅडम. ते आहे तोवर हा माझ्याकडे येणार नाही."

बजरंग फोन कानाला लावून थबकला. मग हन्ना मॅडमने खुर्ची ओढली. "सरक, बाळ," त्या म्हणाल्या. "मी काढते." त्यांनी फोल्डर निवडलं, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि बटण दाबलं.

मी दाराशी गेलो. हाक मारली. आत कुणी नव्हतं. मी पुढच्या जागी गेलो, त्याच्या पुढच्या, आणि लाल झालो. 'असेम्ब्ली लोड झाली नाही.'

"चला, खरं तरी बोलला," सविता म्हणाली. कुठली फाइल सापडत नाही ते तिने खालच्या बारीक अक्षरांत वाचलं आणि लॅपटॉपवरची ती छोटी फाइल आणून ठेवली. मी पुन्हा हाक मारली आणि या वेळी ओ सविताच्या गाठोड्याने दिली. पन्नास प्रश्न. एकोणपन्नास बरोबर, एक चूक. नवं वर्ष लागलं की सगळ्या टोळ्या गावी परतल्या, असं तिचा प्रोग्राम धरून चालला होता. कारखान्याचा हंगाम एक जानेवारीला संपत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! म्हणून तर तिने तो प्रश्न घातला होता. पण तो मी विचारलाच नव्हता.

तिने दोन ओळी बदलल्या. पन्नास. हिरवा. तिने आधी खालची अक्षरं वाचली, मोठ्याने, आणि मगच निरोप सोडला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. अकराही टोळ्यांत घरटी फोन वाजले. कोप्यांत स्वयंपाकाला थांबलेल्या पोरींनी ते उचलले आणि नदीकडे पळत सुटल्या.

साडेपाचला लंकाबाईचा फोन आला. "पानी आलं गं. लई आलं. ज्या दगडावर पोरं बसली हुती त्यो दिसंना. मानसं समदी वर हायेत." सविताने टेबलावर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊन रडली. हन्ना मॅडम तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मित्रांनो, मी लाल झालो तर माझ्यावर चिडू नका. आणि हिरवा झालो तर ओ कोणी दिली ते खाली वाचा. आणखी एक विनंती आहे. त्या दिवशीच्या घाईत फोल्डर गेलं, पण माझ्या यादीत त्याचं नाव अजून सर्वांत वर आहे. ते पुसायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आजही रोज सकाळी मी आधी त्याच दाराशी जातो, हाक मारतो, थोडा थांबतो आणि मग पुढे जातो. कुणीतरी तेवढी ओळ खोडा. कारण उद्या आतून पुन्हा ओ आली, तर ती सरांची आहे हे मला ओळखू येईल आणि तरीही मी हिरवाच होईन.