बाकाजवळचा सरू

सूक्ष्मदर्शकात निळा कण दिसला तेव्हा तिला वाटलं, भिंगावर काहीतरी पडलंय. तिने भिंग पुसलं. कण जागचा हलला नाही. सालीच्या दुसऱ्या कापात तसे आणखी होते, आणि त्यांच्या शेजारी तांबूस मातीचे कण. निळा म्हणजे मोरचूद. तांबूस म्हणजे गेरू. मोरचूद आणि चुन्याची बुरशीनाशक पेस्ट झाडाच्या जखमेला कोणीही लावतो. पण ती झाडाच्या अंगावर विद्रूप दिसते म्हणून तिच्यात गेरू कालवणारा माणूस तिला आयुष्यात एकच ठाऊक होता. त्याच माणसाने आज सकाळी तिला डबा भरून दिला होता.

ती उठली तसं स्टूल मागे कलंडलं. तिने ते उचललं नाही.

संस्थेत तिला सगळे सरूबाई म्हणत, आणि त्यात थट्टा कमी, धास्ती जास्त होती. सरूच्या झाडाला एक बुरशी लागते. साल तडकते, डिंक गळतो आणि झाड शेंड्याकडून वाळत येतं. पलीकडच्या टेकड्यांवर वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या सरूंच्या रांगाच्या रांगा अशा उभ्या वाळल्या होत्या. या बुरशीला दाद न देणारं झाड शोधायचं तर रीत एकच. धडधाकट झाडाच्या सालीला भोक पाडायचं, त्यात बुरशी भरायची, वरून पट्टी बांधायची आणि मग हाताची घडी घालून वर्षानुवर्षं बघत राहायचं. मरतंय ते मरू द्यायचं. उतारावरची तिची सगळी रांग मेली होती. उरलं होतं एकच झाड; आज भिंगाखाली होती ती त्याचीच साल. त्याची जखम प्रत्येक वेळी भरून यायची. त्याची कलमं बांधली गेली, रुजली, आणि आज ती टेकड्यांकडे निघाली होती. ट्रक फाटकाशी भरत होता.

ते झाड उताराच्या माथ्यावर होतं, बाकाला लागून.

बाकावर बाबा बसले होते. ही सगळी झाडं त्यांनीच लावलेली. ते इथले बागप्रमुख होते. निवृत्त झाले तरी सकाळ झाली की पाय इकडेच वळायचे.

"बाबा, गेरू कशाला घातलात?"

"नुसती पेस्ट फार भकभकीत दिसते गं," ते सहज बोलून गेले, आणि मग त्यांनी जीभ चावली.

"म्हणजे लावलीत."

"लावली. तू भोक पाडून गेलीस की पट्टी सोडायची, जखम खरवडायची, पेस्ट लावायची. सुकली की पट्टी पुन्हा होती तशी. गाठसुद्धा तुझ्यासारखीच मारायचो." हे शेवटचं त्यांनी थोड्या अभिमानाने सांगितलं.

"का पण? का?"

"का म्हणजे? जखम अशी उघडी टाकतात? तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हा मीच शिकवलं ना तुला!"

"मग बाकीच्यांना का नाही लावलीत?"

बाबांनी गुडघे चोळले. "उतार झेपत नाही आता."

तिला हसू फुटलं, पण ते हसू ऐकून बाबा दचकले. "म्हणजे हे झाड रोगाला पुरून उरलेलंच नाही! ते बाकाजवळ होतं, एवढाच त्याचा पराक्रम! माझ्या अख्ख्या कामाची माती केलीत, बाबा. तीही गेरू कालवून!"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत!"

ती तरातरा फाटकाशी गेली. संचालक कमरेवर हात ठेवून ट्रक भरताना बघत होते. त्यांना पाठीमागे सगळे चालतंय-साहेब म्हणत. तिने घडलं ते सगळं सांगितलं आणि म्हणाली, "कलमं खाली उतरवा."

साहेबांनी आवाज उतरवला. "झाड जिवंत आहे ना? मग चालतंय."

"काय चालतंय? लोक ही कलमं जीव लावून वाढवतील आणि ऐन भरात ती वाळतील. त्या टेकड्यांवर पेस्ट घेऊन कोणाचे बाबा हिंडणार आहेत?"

"बाई, उतरवायची तर कारण द्यावं लागेल. कारण म्हणजे तुमचे वडील. ही बाग ज्याने उभी केली, त्याच्या तोंडाला काळं फासायचं? आणि तेही पोटच्या मुलीने?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांवरचा राग तिचा स्वतःचा होता. त्याला हात घालायचा या माणसाला काय अधिकार? काहीतरी जळजळीत बोलायला तिने तोंड उघडलं, आणि पाठीमागून धापा ऐकू आल्या.

बाबा होते. "कारण द्या, साहेब," ते म्हणाले. "म्हाताऱ्याने खोडी केली म्हणून द्या. माझं नाव घालून." आणि त्यांनी ट्रकच्या कडेची कुंडी दोन्ही हातांनी ओढली. ती जड होती. हमाल धावले. मुलगी मात्र जागची हलली नाही.

"बघू, वरून विचारणा झाली तर..." साहेब पुटपुटले. त्यांचं कोणी ऐकलं नाही.

ट्रक रिकामा झाल्यावर ती हत्यार घेऊन झाडाशी गेली. दुसऱ्या बाजूला, कोऱ्या सालीला तिने भोक पाडलं, बुरशी भरली, पट्टी बांधली. बाबा बाकावर बसून मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

"मेलं तर?"

"मेलं तर मेलं. उठा."

"का?"

"बाकाचं ते टोक धरा."

दोघांनी बाक ओढत, मधेमधे टेकवत, बियाण्यांच्या खोलीमागे नेलं. बाबा बसले. मान लांब करून त्यांनी पाहिलं, मग उभं राहून पाहिलं.

"इथून झाड दिसत नाही गं."

"म्हणूनच. पेस्टचा डबा द्या."

त्यांनी बाकाखाली अडकवलेल्या पिशवीतून डबा काढून तिच्या हातात ठेवला आणि गरीब चेहरा केला. तो चेहरा ती लहानपणापासून ओळखून होती.

"आणि ब्रश," ती म्हणाली.

बाबांनी सुस्कारा टाकला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला.