आठ कोपऱ्यांचे नाणे

मी एक जुने नाणे आहे. पण मित्रांनो, माझ्यावर सम्राटाचा गरुड शोधू नका. माझ्यावर आहे जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या आमच्या छोट्या शहराचा पूल. पहिल्या महायुद्धात तांबे, निकेल सारे तोफगोळ्यांसाठी गेले. बाजारात सुटे मिळेनात, तेव्हा शहराने स्वतःच जस्ताची नाणी पाडली. पाच फेनिगचे, म्हणजे तिथल्या पाच पैशांचे, गोल आणि दहा फेनिगचे मी, आठ कोपऱ्यांचे. तो पूल ओलांडला की मला कोणी विचारत नसे.

जस्त खणखणत नाही. पहिल्याच दिवशी भाजीवाल्या फिस्टररबाईंनी मला फळीवर आपटून पाहिले. म्हणाल्या, "हे नाणं की पाटलोणीचं बटण?" सारा बाजार हसला. मी आधीच काळपट, आणखी काळवंडले.

त्याच सुमारास आन्सेल्म आघाडीवर दोन्ही डोळे गमावून घरी परतला. त्याला बाजारात काडेपेट्या आणि बुटांच्या नाड्या विकायच्या होत्या. नगरपालिकेचे कारकून म्हणाले, "अरे, लोक फसवतील तुला. त्यापेक्षा अंधांच्या आश्रमात जा. दोन वेळचं सूप तरी मिळेल."

"सूप मी आईच्याच हातचं खाणार," आन्सेल्म म्हणाला. "घ्या माझी परीक्षा."

ठरले. एक जरी चूक झाली, तरी ठेला नाही, मग आश्रमच.

भर बाजारात त्याच्या तळहातावर नाणी पडू लागली. "पाच. हेही पाच." मग मी पडले. त्याचा अंगठा माझ्या कोपऱ्यांवरून फिरला आणि चेहरा उजळला. "दहा!" मला कोणी इतक्या आनंदाने कधी हाक मारली नव्हती.

एवढ्यात फिस्टररबाई पुढे आल्या आणि त्यांनी हळूच काहीतरी ठेवले. अंगठा फिरला. थांबला. पुन्हा फिरला.

"बाई, हे परत न्या," आन्सेल्म म्हणाला, "नाहीतर फिस्टररकाकांची पाटलोण घसरेल!"

कारकूनसुद्धा पोट धरून हसले. बाईंनी बटण खिशात टाकले. "दोन काडेपेट्या दे रे. आणि सुटे नीट दे हं, मला हल्ली कमी दिसतं."

त्याने सुटे म्हणून मलाच त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी या वेळी मला आपटून पाहिले नाही.

युद्ध संपले. शहराने आम्हाला परत बोलावले, वितळवले. मी तोवर हातोहाती फिरून पुन्हा आन्सेल्मकडे आले होते; त्याने मात्र मला दिले नाही. जन्मभर खिशात बाळगले. आता मी संग्रहालयाच्या काचेत आहे, सोन्याच्या नाण्यांशेजारी, आणि मुळीच लाजत नाही.

मित्रांनो, जुनी नाणी घासून चकचकीत करू नका, त्यांचे कोपरे जपा. आणि माझे एखादे भावंड कधी हाती आलेच, तर क्षणभर डोळे मिटा. आम्हाला पाहायची खरी रीत तीच आहे.