वाऱ्याकडे नाक

"ते परत काऊन वर चाल्लं?" तानाबाईने मोबाईलच्या नकाशावर सरकणाऱ्या पिवळ्या विमानावर बोट टेकवलं.

प्रेमदासने मोबाईल तिच्या हातून काढून घेतला. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघे गावातल्या त्यांच्या गच्चीवर मे महिन्यातल्या वादळी वाऱ्याने संध्याकाळपासून नुसता धुमाकूळ घातला होता. शेजारचे टिनाचे पत्रे थडाथड वाजत होते. पुण्याहून निघालेलं विमान नागपूरच्या धावपट्टीपर्यंत पोचलं होतं आणि न उतरताच पुन्हा वर उठलं होतं. त्यात त्यांची लेक मेघा होती, सहवैमानिक. दुपारीच तिचा फोन आला होता, "बाबा, आज उतरवाचं काम कॅप्टन मले देणार आहेत."

"काही नाई, अंदाज घेऊन राह्यले," प्रेमदास म्हणाला. खोटं बोलणं त्याला मेलं कधी जमलंच नाही.

एसटीच्या स्टिअरिंगवर त्याचा जन्म गेला. पोरीला जीप त्यानेच शिकवली, पुलगावच्या रस्त्यावर. गाडी जरा तिरकी झाली की तो खेकसायचा, "सरळ कर! आधी सरळ कर!" पोरगी तरबेज झाली आणि बापाची कॉलर ताठ झाली. पुढे विमान शिकताना मात्र हीच सवय तिच्या मुळावर आली. वारं आडवं असलं की विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून ते तिरकंच खाली आणायचं असतं. चाकं टेकायच्या अगदी बेतात पायाने नाक सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख किंचित झुकवायचा. मेघा आधीच सरळ करायची, मग वारं विमानाला पट्टीवरून बाजूला ढकलायचं. एवढ्यापायी ती एकदा नापासही झाली होती. "बाबा, तुमचा आवाज कानातून जातच नाई," असं ती हसत म्हणाली, तेव्हा त्याला हसू आलं नव्हतं.

पडद्यावरचं विमान वळून वर्ध्याकडे आलं आणि घिरट्या घालू लागलं. ढगांच्या वर घरघर ऐकू आली.

"आपल्याच डोक्यावर हाये वो पोरगी!" तानाबाईने हात जोडले आणि ती त्रिशरण पुटपुटू लागली.

प्रेमदासने मेघाचा नंबर लावला. फोन बंद असणार हे त्याला ठाऊक होतं, तरी लावला. मग मान वर करून तो ढगांकडे बघत ओरडला, "तिरकंच राहू दे, बाई! सरळ नोको करू इतक्यात!" वाऱ्यात त्याचा आवाज शेजारच्या गच्चीपर्यंतसुद्धा गेला नसेल.

घरघर दूर गेली. पिवळं विमान नागपूरला टेकलं आणि थांबलं. तानाबाईने जोडलेले हात कपाळाला लावले.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"उतरलो, बाबा. कॅप्टननं उतरवलं." मेघा म्हणाली. "पयल्यांदा मीच आणत होती. आधीच सरळ केलं. बाजूले गेली मी, म्हणून त्यांनी परत वर घेतलं. आता पुन्हा ट्रेनिंगले पाठवतीन. सांगा न, मी काय करू?"

लहानपणापासून तिने विचारायचं आणि त्याने सांगायचं, असंच चालत आलं होतं.

"मले नाई माहीत, बेटा," तो म्हणाला. असं तो तिला प्रथमच म्हणत होता, आणि ते म्हणताना त्याला फार लाज वाटली. "तूच सांग मले. तो पाय नेमका कवा दाबाचा असते?"

तिने नाक ओढलं आणि सांगायला लागली. त्याला अर्धंही कळत नव्हतं. तो फोन कानाशी घट्ट धरून वाऱ्यात उभा राहिला आणि "हं, मंग?" म्हणत राहिला. तिला बोलतं ठेवायचं, एवढंच आता त्याच्या हातात होतं.