लेस सोड ना

चष्मेवाल्याने लग्न उशिरा केलं आणि लग्नाबरोबर त्याला दोन मुलंही मिळाली. मोठ्याला घरात सगळे दादा म्हणत. धाकटी पाच वर्षांची. वाटेत दिसेल ते उकिडवी बसून न्याहाळायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं. त्यांचे वडील आजारपणात गेले, तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. दोघंही चष्मेवाल्याला काका म्हणत आणि पाहुण्यांशी बोलावं तसं अहो-जाहो करत.

एका सुट्टीला मुलांच्या आईची दवाखान्यात ड्यूटी लागली.

"तुम्हीच न्या की दोघांना डोंगरावर," ती म्हणाली. "वर मुक्कामाला लाकडी झोपडी आहे. वाट इतकी सोपी आहे, की म्हातारीकोतारी माणसंसुद्धा गप्पा मारत चढतात."

मुलं आजवर चष्मेवाल्याच्या एकट्यावर कधी पडली नव्हती. त्याने पाठपिशवी अशी भरली, की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता घरी परतत नाही.

पण वाट खरोखरच सोपी निघाली. दादा काठी घेऊन पुढे चालला होता. मुंगी दर दहा पावलांवर बसत होती. कधी गोगलगाय, कधी नुसतीच ओली माती. ओढ्यापाशी त्याने तिला खांद्यावर घेतलं. तिने सायकलचं हँडल धरावं तसे त्याचे दोन्ही कान धरले.

"काका, तुमचे कान गरम आहेत."

"ओढू नकोस, मग आणखी गरम होतील."

"काका, इकडून या," दादा पलीकडून ओरडला. "इथला दगड हलत नाही."

चष्मेवाल्याला वाटलं, जमतंय की आपल्याला. पुढच्या चढावर मुंगीने झोपायच्या जागासुद्धा ठरवून टाकल्या. खिडकीशी ती, तिच्या शेजारी काका आणि दादा पलीकडे, कारण तो लाथा मारतो.

झोपडीत शेगडी पेटलेली होती. राखणदार बाई सूप ढवळत होत्या, आणि बाकावर एक जोडपं तान्ह्या बाळाला जोजवत बसलं होतं. दादा शेगडीजवळच्या दोरीवर मोजे वाळत घालू लागला. मुंगी बाकावर बसली आणि तिने एक पाय पुढे केला.

"बाबा, लेस सोड ना. गाठ बसलीय."

दादाने मान वळवून चष्मेवाल्याकडे पाहिलं.

त्या नजरेने चष्मेवाला गडबडला. त्याला वाटलं, पोराला हे लागलं. आपल्या बाबांची जागा कुणीतरी घेतंय, असं दादाला वाटलं असणार. आपल्या चष्म्यांच्या दुकानात तो गिऱ्हाइकाला दहादा विचारायचा, ही काच बरी की ती. इथे त्याने कुणालाच काही विचारलं नाही. तो मुंगीपुढे वाकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला,

"अगं, मी काका ना?"

राखणदार बाई सहज हसल्या. मुंगी आपल्या बुटाकडे बघत राहिली. तिची कानशिलं लाल झाली होती.

"काका, लेस सोडा ना," ती म्हणाली.

त्याने गाठ सोडवली. सूप पिताना ती एरवीसारखीच बडबडली. झोपायच्या वेळी मात्र ती आपलं पांघरूण घेऊन दादाच्या कुशीत शिरली. खिडकीशेजारची जागा रिकामीच राहिली.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"दादाला काय वाटेल, म्हणून म्हटलं मी," तो म्हणाला.

"दादाला विचारलंत?"

"नाही."

तिने हातातली घडी बाजूला ठेवली. "तिची जीभ घसरली नव्हती हो," ती मग म्हणाली. "आठवडाभर माझ्यामागे लागली होती. बाबा म्हणू का, त्यांना चालेल का. मी म्हटलं, म्हणून बघ."

त्या दिवशी चष्मेवाल्याला जेवण गेलं नाही.

मग बैल गेला नि झोपा केला, तसं झालं. बरेच दिवस धीर गोळा करून तो एकदा चित्र काढत बसलेल्या मुंगीजवळ गेला.

"मुंगे, तुला हवं तर मला बाबा म्हण हं. मला आवडेल."

तिने रंगखडू न थांबवता मान हलवली. "नको. तुम्ही काका आहात. तुम्हीच म्हणालात ना."

आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. एक गोष्ट कळली होती आणि तिने ती लक्षात ठेवली होती, एवढंच.

पुढे सगळं चांगलंच झालं. चौघं मिळून त्या झोपडीत कितीतरी वेळा गेले. मुंगी शिकली, नोकरीला दूरच्या गावी गेली. काही अडलं, की आईच्या आधी तिचा फोन त्यालाच येतो. "काका, तुम्ही सांगा, काय करू?" जीव लावण्यात तिने कधी हात आखडता घेतला नाही. त्या 'तुम्ही'चं मात्र 'तू' कधी झालं नाही.

एकदा दादा दुकानात खोकी उतरवायला आला असताना चष्मेवाल्याने विषय काढला. त्या दिवशी झोपडीत तू माझ्याकडे असं का बघितलंस, म्हणून.

दादाने डोकं खाजवलं. "कधी हो, काका? मला तर तो ओढा तेवढा आठवतोय."

मुंगीला मात्र त्याने कधी विचारलं नाही. तिला आठवत असेल तर पुढे काय बोलायचं, ते त्याला अजून सुचलेलं नाही.