भुताले फोन लाव

शाळेचा मेसेज आला तव्हा माह्ये हात पिठात होते. प्रेमानंदनं, म्हणजे माह्या पोरानं, मोबाइलवर वाचून दाखवला. एकतीस तारखेले हॅलोविन हाय. लेकरायले भूत बनवा. घराबाहेर पाठवू नका, गर्दी करू नका, मास्क लावा, अन् भुताचा व्हिडिओ ग्रुपवर टाका.

"काय बनवा?"

"भूत, आई. तिकडे परदेशात त्या दिवशी लेकरं भूत बनून घरोघरी चॉकलेट मांगतात. औंदा करोना हाय म्हणून मिस म्हणते, घरीच करा."

"मिसले सांग, आमच्या घरी एक भूत आधीच येऊन बसलं हाय. दुसरं नाही पायजे."

प्रेमानं मोबाइल खिशात टाकला. माह्यासमोर तसंही कोणी लय बोलत नाही. माह्यं तोंड अख्ख्या देऊळघाटाले माहीत हाय. बाजारात भाजीवाला मले पाहूनच दोन भेंड्या वरून टाकते. पण त्या दिवशी मी उगंच चिडली नव्हती. 'भूत' हा शब्दच मी घरात बंद केला होता. अन् ह्या शाळेनं तो मोबाइलातून थेट चुलीपाशी आणून ठेवला.

काऊन बंद केला होता, ते सांगते. माही नात संबोधी, आम्ही तिले बोधी म्हणतो, पाच वर्षांची. तिची माय अनुपमा, माही सून, नर्स हाय. करोना आला अन् तिची ड्यूटी बुलडाण्याच्या कोविड सेंटरात लागली. बुलडाणा आमच्यापासून काही दूर नाही, पण घरात रोग नको म्हणून ती तिकडेच होस्टेलवर राहे. मी तिच्याशी भांडली. म्हटलं, नोकरी सोड, लेकरू लहान हाय. तं म्हणते कशी, "आई, आताच सोडली तं मंग एवढी शिकली कायले?" मी भांडण सोडून तिची बॅग भराले लागली. असं माह्या जिंदगीत लय कमी वेळा झालं.

पोळा झाला अन् प्रेमाले ताप आला. रिपोर्ट आला, संध्याकाळी अँब्युलन्स दारात. त्यातून दोन जण उतरले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. तोंड नाही, केस नाही, डोळ्यांच्या जागी नुसती काच. प्रेमा त्यायच्या मधात चालत गेला, गाडीत बसला, दार लागलं. बोधी रडली नाही, ओरडली नाही. माह्या लुगड्याले धरून उभी होती, अन् उभ्या उभ्याच तिची चड्डी ओली झाली.

प्रेमा बरा होऊन आला, चांगला टणटणीत. पण तो दवाखान्यात असतानाच एक घोळ झाला. अनुपमाले वाटलं, लेकरू घाबरलं हाय, त्याले धीर द्यावा. तिनं वार्डातूनच व्हिडिओ कॉल लावला. आंगावर तीच पांढरी किट. म्हणे, "बोधी, मी मम्मी व्हय!" बाप्पा! पोट्टीनं मोबाइल असा भिरकावला का बादलीत जाऊन पडला. मंग माह्या कानापाशी येऊन हळूच म्हणाली, "आजी, त्या भुतानं मम्मीले खाल्लं. मम्मी त्याच्या पोटातून बोलून राह्यली."

आता याले काय म्हणावं? दुसऱ्या दिवशी अनुपमानं होस्टेलवरून फोन केला, साध्या गाऊनवर. तं बोधीनं लय वेळ पाह्यलं. अनुपमाची कमरेपर्यंत वेणी होती. टोपीत मावत नाही म्हणून तिनं ती कापून टाकली होती. मास्कनं गालावर काळे वळ पडले होते, वाळून नुसती काडी झाली होती. बोधी म्हणाली, "मम्मीची तं वेणी होती," अन् तोंड फिरवून बसली. भूत पायजे त्याचं तोंड लावून येते, हे तिले टीव्हीवरच्या सिरियलीनं शिकवलं होतं. त्या सिरियलवाल्यायले माह्या समोर आणा एक डाव.

एकदा तं अनुपमा खुद्द आली. स्कुटीवर. नालीच्या पल्याडच उभी राह्यली, जवळ आली नाही. बोधी पलंगाखाली घुसली ते घुसलीच. मी ओढलं, चिडली, हातापाया पडली, काही उपयोग नाही. अनुपमा रिकाम्या दाराकडे पाहत उभी होती. जाताना एवढंच म्हणाली, "आई, तिले रागावू नका." त्या दिवशी मी नळावर भांडे घासता घासता रडली. लोकायले वाटलं, कांदा चिरला असन.

अनुपमाले दिवाळीत सुट्टी भेटणार होती. मले एकच धास्ती. ती घरी येईन, हात पसरीन, अन् पोटचं लेकरू तिले पाहून पळत सुटीन. मंग त्या पोरीनं कुठं जावं? दुनियाभराच्या मायांची, लेकरांची सेवा करून आली, अन् घरी हे!

म्हणून मी त्या मिसले फोन लावला. चांगली तयारी करून लावला होता. सगळं बोलून टाकलं, श्वाससुद्धा घेतला नाही. तिकडून ती प्रतीक्षा मिस म्हणते, "आजी, मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही भूत करूच नका. बोधीला फुलपाखरू करा, नाहीतर काहीच नका करू. ती बरी आहे ना?" आता अशा माणसाशी भांडावं तरी कसं? मी "बरं" म्हणून फोन ठेवला अन् दिवसभर उगंच प्रेमावर खेकसत राह्यली.

एकतीस तारीख आली. आदल्या दिवशीच कोजागरी झाली होती, तं चांद अजून मोठाच होता. प्रेमा वावरातून यायचा होता, सोयाबीन काढणं चालू होतं. मी ओट्यावर तीळ निवडत बसली होती, बाजूले बोधी.

आमच्या समोर शकीलाबीचं घर. ती टेलर. त्या टायमाले तिच्याकडे मास्क अन् त्या पांढऱ्या किट शिवाचं काम होतं, बचत गटातून आलेलं. तिची नात सफा बोधीच्याच वर्गात. शकीलाबीनं उरलेल्या पांढऱ्या कापडाची सफासाठी छोटी किट शिवली होती. टोपीसगट, पुढून चेन, तोंडावर पारदर्शक पन्नी. मागून मले म्हणे, "आमच्यात भूतबीत बनवत नाही, कलाबाई. मी तं नर्स शिवली. शाळेनं तिले काय म्हणायचं ते म्हणावं." बोधीचं सगळं तिले ठाऊक होतं, म्हणून तिनं सफाले बजावलं होतं, आतमंदीच व्हिडिओ काढायचा, बाहेर पाय नाही टाकायचा. पण नवा कपडा घालून कोणतं लेकरू घरात बसते?

सफा तिच्या ओट्यावर आली. हात वर केले अन् "भूऊऊ!"

बोधी माह्या मांडीत अशी घुसली का तिळाचं सूप उलटं झालं. तिचं आंग लाकडासारखं कडक. माह्या डोक्यात सणक गेली. "शकीलाबी! अवं पोट्टीले आत घे, जीव जाईन माह्या लेकराचा!" शकीलाबी धावत बाहेर आली, हातात टेप तसाच. पण तिच्या आधी सफानंच चेन खाली ओढली.

"दादी, लय गरमी होऊन राह्यली!"

आतून सफाचं लालभडक तोंड निघालं. केस घामानं कपाळाले चिकटलेले. बोधीनं आवाज ऐकला, तशी एक डोळा उघडला.

"सफा?"

"हाव."

"तुले त्यानं खाल्लं?"

"कोणं?"

"भुतानं."

सफानं खाली आपल्या पोटाकडे पाह्यलं. "नाही बे. हे तं चेनीचं हाय. पाह्य." तिनं चेन वर ओढली. मंग खाली ओढली. "दिसली का?"

"पुन्हा कर," बोधी म्हणाली.

सफानं केलं. "पुन्हा." पुन्हा केलं. गल्लीच्या त्या बाजूले एक पोट्टी चेन वर-खाली करते अन् ह्या बाजूले दुसरी डोळे फाडून पाहते. शकीलाबी म्हणणारच होती का चेन तुटन, तं मी तिले हातानंच गप केलं. तुटू दे. मी भरून देईन, पण आता थांबवू नको.

मंग बोधी माह्या मांडीवरून उतरली अन् म्हणाली, "शकीला नानी, मले बी पायजे."

शकीलाबीनं एक शब्द विचारला नाही. माप बी घेतलं नाही. आत गेली अन् तिची मशीन सुरू झाली. आम्ही इकडे बसून तो खडखडाट ऐकत होतो. किट झाली तशी तिनं तिच्यावर सॅनिटायझर मारलं, वाळू दिली, अन् शेवग्याच्या शेंगा तोडाच्या बांबूले बांधून गल्लीच्या अल्याड सरकवली. त्याच बांबूले मी सफासाठी मुरमुऱ्याच्या लाडूची पिशवी अडकवून दिली. मिसनं सांगतलेलं सगळं अंतर आम्ही पाळलं. शकीलाबी हसून म्हणे, "घ्या, झालं तुमचं हॅलोविन."

झालं कुठं! किट हातात घेऊन मी उलटी-पालटी करत बसली. लेकराले त्यात घालाची हिंमत होईना. बोधीनंच एक पाय टाकला, मंग दुसरा. चेनीले मी हात लावला तं म्हणाली, "तू नको. मी लावते." गळ्यापर्यंत आणली अन् थांबली.

"आजी, माह्यं तोंड दिसलं नाही तं तू मले वळखशीन?"

"अवं, शंभरातून वळखीन."

"पक्कं?"

"पक्कं. तू माही हायेस, तोंड झाकल्यानं दुसऱ्याची होशीन का?"

तिनं टोपी चढवली, पन्नी खाली ओढली. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. सफाले "भू" केलं, सफानं तिले केलं. दोघी खिदळल्या. कितीतरी दिवसांनी ते हसणं ऐकलं अन् माह्ये डोळे भरून आले. आता कांद्याचं बी नाव सांगाची सोय नव्हती.

मंग बोधी एकाएकी थांबली.

"आजी, इथं लय गरम होते."

"काढ मंग."

"मम्मी काढते?"

"नाही बाई. ड्यूटी संपल्याशिवाय नाही काढता येत."

"तहान लागली तं?"

"तशीच राह्यते."

"शू आली तं?"

"दाबून धरते."

पन्नीच्या मागं तिचे नुसते डोळे दिसत होते. तिनं गळ्यापाशी चेन चाचपून पाह्यली. मंग म्हणाली, "आजी, भुताले फोन लाव."

"कोणाले? मम्मीले?"

"नाही. भुताले."

पेशंटले घरच्यांशी बोलता यावं म्हणून वार्डात एक मोबाइल होता, पन्नीत गुंडाळलेला. लईच अडचण असन तरच लावा म्हणून अनुपमानं मले त्याचा नंबर दिला होता. मी कधी लावला नव्हता. त्या दिवशी लावला. समोर पांढरं माणूस आलं. खरं सांगते, आताच पोट्टीले मोठ्या तोऱ्यात 'वळखीन' म्हटलं होतं, अन् मलेच वळखू आलं नाही.

"अनुपमा नर्स हाय का तिथं?"

"आई, मीच व्हय. काय झालं? बोधी बरी हाय ना? सांगा ना, आई!"

मी मोबाइल बोधीकडे फिरवला. इकडे एक पांढरं, तिकडे एक पांढरं. मंग बोधीनं अगदी बारीक आवाजात म्हटलं, "भू."

तिकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. "अगं बाई, भ्याली ना मी!"

"चेन खोल," बोधी म्हणाली.

"बाळा, इथं आजारी लोक हायेत. आता नाही खोलता येत. ड्यूटी संपली का लगेच फोन करते, मंग दाखवते."

संपलं, म्हटलं. हातातोंडाशी आलेलं गेलं. आता पोट्टी मोबाइल फेकीन अन् पलंगाखाली जाईन, अन् दिवाळी काय, गुढीपाडवा आला तरी निघणार नाही. मी मोबाइल घट्ट धरला.

बोधीनं आपली पन्नी मोबाइलले टेकवली. अनुपमाच्या चष्म्यावर वाफ धरली होती, डोळे सुद्धा दिसत नव्हते. पाहाले काहीच नव्हतं तिथं. तरी ती पाहत राह्यली.

"मम्मी," ती म्हणाली, "तुले घाम आला?"

"हो."

"लय?"

"लय आला, बोधी."

"थांब."

तिनं माह्या हातातून मोबाइल काढून घेतला अन् घरात निघाली. ती किट पायात घोळत होती, पडता पडता वाचली. मी मागं मागं. आतल्या खोलीत स्टुलावर टेबल फॅन होता. बोधीनं त्याचं बटन फिरवलं, सगळ्यात जोराचं, अन् दोन्ही हातांनी मोबाइल त्याच्यासमोर धरून उभी राह्यली.

"आली का हवा?"

मोबाइलमंदी अनुपमाचा हात चष्म्याकडे गेला अन् तसाच खाली आला. डोळे पुसाची बी सोय नव्हती बिचारीले.

"आली," ती म्हणाली. "लय थंड आली, बाळा."

"बोधी, तू तं काढ वं आता," मी म्हटलं. तिच्या पन्नीवर बी वाफ धरली होती, हनुवटीवरून घाम गळत होता.

"मम्मी काढन तव्हा," ती म्हणाली, अन् मोबाइल फॅनच्या अजून जवळ नेला.